मॅक्ग्रेगर आडनाव मधेच का हरवतं

स्कॉटलंडमधल्या अठराव्या शतकातल्या पॅरिश (स्थानिक चर्चच्या) नोंदींत मॅक्ग्रेगर सापडत नाहीत, म्हणजे घराणं बाहेरून आलं, असं काहींना वाटतं. तसं नाही. मॅक्ग्रेगर आणि कोल्हून घराण्यांतल्या ग्लेन फ्रूनच्या लढाईनंतर एप्रिल १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहाव्या जेम्सने हे आडनाव लावायलाच बंदी केली. लावलं तर मृत्युदंड! १६६१ ला बंदी उठली, १६९३ ला परत आली, १७७४ ला कायमची गेली. मधल्या काळात मंडळींनी मरे, ड्रमंड, ग्रँट अशी आडनावं घेतली. खुद्द रॉब रॉय (याच घराण्यातला प्रसिद्ध बंडखोर) आईकडचं कॅम्पबेल लावायचा. म्हणून घराण्याचा माग काढताना १८५५ ला सुरू झालेल्या सरकारी जन्म, लग्न, मृत्यूच्या दाखल्यांपासून मागे जा. त्या वर्षीचे दाखले फार तपशीलवार आहेत. त्याआधी गाव आणि आईचं माहेरचं आडनाव धरा. नुसत्या आडनावावर गेलात तर माग तुटतो.