कारागृह शिपायांच्या प्रशिक्षणात सुरक्षा आणि आरोग्य वेगळे शिकवावे की एकत्र?

प्रश्न (प्रशिक्षण समन्वयक, मुंबई)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मुंबईतील एका कारागृहातील शिपाई व हवालदार यांच्यासाठी सेवांतर्गत उजळणी वर्गाचा आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. येरवड्याच्या दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयातून पायाभूत प्रशिक्षण घेऊन आलेल्या या मंडळींना कवायत, झडती, बंद्यांची (कैद्यांची) गणना, कुलूपबंदी आणि शस्त्रांची हाताळणी चांगली अवगत आहे. मात्र बंद्याच्या आरोग्याचा विषय निघाला की 'ते डॉक्टरांचे काम' असे उत्तर मिळते. सकाळी सुरक्षा आणि दुपारी आरोग्य, अशी सरळ विभागणी मला सुचवण्यात आली आहे. ही विभागणी योग्य आहे का? आर्थर रोडसारख्या, मंजूर क्षमतेच्या कित्येक पट बंदी ठेवाव्या लागणाऱ्या कारागृहात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत मला विशेष मोलाचे वाटेल.

उत्तर 1 (निवृत्त तुरुंगाधिकारी, ठाणे)

नमस्कार. ही विभागणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिपायासमोर प्रसंग येतो तेव्हा तो सुरक्षेचा आहे की आरोग्याचा, हे ठरलेले नसते. म्हणून विषयांऐवजी प्रसंग घ्यावेत आणि प्रत्येक प्रसंगात दोन्ही बाजू एकदमच शिकवाव्यात.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग रात्रीचा. संध्याकाळी गणना जुळून बराकी बंद झाल्या की किल्ल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जातात आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला स्वतःच्या मर्जीने बराक उघडता येत नाही. हा नियम बरोबरच आहे, कारण आजाराचे सोंग करून दार उघडायला लावणे ही जुनी युक्ती आहे. पण मध्यरात्री आतून 'साहेब, याला फिटचा झटका आला' अशी हाक आली, तर त्या शिपायाने नेमके काय करायचे? बहुतेकांना पळत जाऊन अधिकाऱ्याला बोलवायचे एवढेच माहीत असते. वास्तविक त्याने जागा न सोडता शिट्टीने किंवा वॉकीटॉकीवरून अधिकारी, जादा कुमक आणि दवाखाना या तिघांना एकाच वेळी कळवायला हवे. त्याच दमात गजाआडच्या इतर बंद्यांना सूचना द्यायला हव्यात: रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कापड घालू नका, भोवती गर्दी करू नका, झटका किती वेळ चालला ते सांगत राहा. दार उघडण्याआधी बाकीच्यांना मागच्या भिंतीकडे बसवून घेणे ही सुरक्षा झाली. पण तेच केल्याने रुग्णापाशी पोहोचायला वाटही मोकळी होते. हा सराव वर्गात बसून होत नाही. रिकामी बराक, खरे कुलूप आणि खरा अंधार घेऊन तो करावा आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून किती वेळ लागला ते पाहावे.

गळफासाच्या प्रसंगाचेही तसेच आहे. पुरावा जपायचा म्हणून पंचनाम्याची वाट पाहत शरीर लटकत ठेवणे हा घातक समज अजूनही आढळतो. आधी शरीराला खालून आधार द्यायचा, गाठ शाबूत ठेवून तिच्या वरच्या बाजूला फास कापायचा, श्वास नसल्यास तत्काळ छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. दर मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि 30 दाबांनंतर दोन श्वास. जीव वाचवणे पहिले, पुरावा त्यानंतर, हा क्रम प्रत्येक शिपायाच्या तोंडी असला पाहिजे. फास कापण्याचे साधन सीलबंद पेटीत, पहाऱ्याच्या ठिकाणीच ठेवावे आणि प्रत्येक पाळी बदलताना त्याची नोंद घ्यावी, म्हणजे ते बंद्यांच्या हाती जाण्याची भीतीही राहत नाही.

उत्तर 2 (वैद्यकीय अधिकारी, काही वर्षे कारागृह दवाखान्यात सेवा)

वरील मताशी मी सहमत आहे; मात्र एक मर्यादा आखून घेतली पाहिजे. शिपायाने निदान करायचे नाही, त्याने पाहायचे आणि कळवायचे. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील सत्ताविसावा नियम सांगतो की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय व्यक्तीनेच घ्यावा आणि इतर कर्मचाऱ्यांनी तो डावलू नये. 'हा नाटक करतोय' असे पहाऱ्यावरच्या माणसाने ठरवणे म्हणजे नकळत निदानच करणे होय, आणि आम्ही दवाखान्यात त्याचे परिणाम पाहिले आहेत.

आदर्श कारागृह नियमावलीत 300 बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी असे प्रमाण दिले आहे. ते पाळले गेले तरी दिवसातील बहुतेक तास बंद्याच्या जवळ शिपाईच असतो. त्यामुळे त्याची नजर तयार करणे हेच खरे आरोग्य प्रशिक्षण आहे. दोन गोष्टींवर मी भर देईन.

पहिली, नव्याने दाखल झालेला बंदी. दारू अचानक सुटलेल्या माणसाला साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, थरथर, घाम, भलतेसलते दिसणे अशी अवस्था येते. उपचार न मिळाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. बाहेरून मात्र ही अवस्था उद्दामपणासारखी दिसते. बंदी आरडाओरडा करतो, आज्ञा पाळत नाही, अंगावर येतो. अशा वेळी त्याला विभक्त कोठडीत टाकले, तर तो कोणाच्याही नजरेआड जातो. दाखल होताना 'रोज पितोस का, शेवटची कधी घेतलीस' हा प्रश्न न रागावता विचारायला शिकवले, तर यातील पुष्कळ प्रसंग टळतात. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) आहारी गेलेल्यांनाही दाखल होताना असेच विचारावे, आणि आत्महत्येचा धोका याच पहिल्या दिवसांत मोठा असतो.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची. दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या बराकीत तो झपाट्याने पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री घाम यांपैकी काहीही दिसले तरी दवाखान्याला चिठ्ठी गेली पाहिजे. उपचार किमान सहा महिने चालतात, आणि न्यायाधीन (खटला सुरू असलेला) बंदी कोणत्याही दिवशी जामिनावर सुटतो किंवा तळोजा कारागृहात हलवला जातो. म्हणून सुटकेच्या वेळी त्याच्या हातात पुढील गोळ्या आणि निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) देणे हे दाराजवळच्या कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या कामात बसवावे. मे 2020 मध्ये आर्थर रोडमध्ये शंभरावर बंदी व कर्मचारी कोरोनाबाधित निघाले होते. बराकीतला संसर्ग गणवेशावरून माणूस ओळखत नाही, हे प्रशिक्षणार्थींना त्या उदाहरणावरून लगेच पटते.

कोणत्या बंद्याला एचआयव्ही आहे, ही माहिती मात्र शिपायापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. 2017 चा कायदा गोपनीयता राखण्यास बांधतो. झडती घेताना प्रत्येक बंदी संसर्गित असू शकतो असे धरून हातमोजे घालावेत आणि खिशात थेट बोटे न घालता खिसा उलटा करायला सांगावा. सुरक्षितता त्यातच आहे.

उत्तर 3 (महिला कारागृह शिपाई)

महिला विभागाविषयी थोडे लिहिते. आमच्याकडे आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले असतात. गरोदर स्त्री, नुकतीच बाळंत झालेली स्त्री आणि तान्हे मूल यांची झडती कशी घ्यावी, हे मला वर्गात कोणी शिकवले नव्हते; ते वरिष्ठ सहकारी ताईंकडून शिकले. बाळाच्या दुपट्याची झडती आईच्या समोर, स्वच्छ हातांनी आणि बाळाला आईच्याच मांडीवर ठेवून घेता येते. कृपया ही गोष्ट आराखड्यात लिखित स्वरूपात घ्यावी. शिवाय मासिक पाळीच्या तक्रारी पुरुष अधिकाऱ्यासमोर सांगायला बंदी स्त्रिया संकोचतात, त्यामुळे आजार अंगावर काढला जातो. त्याची माहिती आम्हालाच विचारून काढून घ्यावी लागते.

उत्तर 4 (विधी साहाय्य कार्यकर्ती, मुंबई)

नोंदींचा विषय अद्याप आलेला नाही. दाखल होताना बंद्याच्या अंगावरील जखमा तारीख, वेळ, आकार आणि जागेसह नोंदवल्या नाहीत, तर त्या पोलीस कोठडीतल्या की कारागृहातल्या, हे पुढे सांगता येत नाही. ती नोंद बंद्याइतकीच शिपायाचीही ढाल आहे. कोठडीतील मृत्यूची माहिती 24 तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावी लागते आणि त्यानंतर दंडाधिकारी चौकशी होते; त्या चौकशीत रात्रपाळीची नोंदवही हाच मुख्य आधार असतो. 'रात्र शांत' एवढ्या दोन शब्दांनी भरलेली पाने तिथे कोणाच्याच कामी येत नाहीत.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले आहे. शौचालये आणि दवाखान्याची सफाई कोणाला सांगायची, हे ठरवणारा माणूस प्रत्यक्षात यार्डातला शिपाई किंवा हवालदार असतो. म्हणून हा निकाल स्वच्छतेच्या पाठातच, कामाची यादी समोर ठेवून शिकवावा.

पुन्हा प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. विभागणी रद्द करून दाखल होणे, झडती, रात्रीची बराक, रुग्णालयात रवानगी आणि सुटका असे पाच प्रसंग घेण्याचे ठरवत आहे. एक अडचण उरते. जे. जे. रुग्णालयात न्यायचे ठरले, तरी पोलीस बंदोबस्त वेळेवर न मिळाल्याने तारीख पुढे जाते. हे शिपायाच्या हाती नाही, मग त्याला काय शिकवावे?

उत्तर 5 (निवृत्त तुरुंगाधिकारी, ठाणे)

बंदोबस्त मिळवणे त्याच्या हाती नाही हे खरे, पण रुग्ण विसरला जाऊ न देणे त्याच्या हाती आहे. रवानगी हुकली की त्याच दिवशी, कारणासह, नोंदवहीत लिहायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचे, म्हणजे तातडी किती आहे ते डॉक्टर पुन्हा ठरवतील आणि अधीक्षकांना पोलिसांकडे लेखी मागणी करता येईल. पाळी बदलताना गणनेच्या आकड्यासोबत 'रवानगी बाकी असलेले बंदी' हा आकडाही तोंडी सांगण्याची सवय लावा. गणना न जुळता कोणी पाळी सोडत नाही. हा आकडाही त्याच शिस्तीत बसवला, तर त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.