वसाहत, वखार, खालसा: नेमके काय लिहावे?

प्रश्न: एका लेखाचे संपादन करताना ‘इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेत आणि १८४८ मध्ये साताऱ्यात वसाहत केली’ असे वाक्य आढळले. दोन्ही ठिकाणी ‘वसाहत’ चालेल का? इंग्रजीत सुरतेबाबत ‘फॅक्टरी’ शब्द येत असल्याने ‘कारखाना’ लिहावे, असे एका सहकाऱ्याचे मत आहे.

प्रतिसाद: दोन्ही ठिकाणी चालणार नाही, आणि ‘कारखाना’ तर मुळीच नाही. सुरतेला ईस्ट इंडिया कंपनीचे ‘फॅक्टर’, म्हणजे अडत्ये, राहत असत. कापड आणि नीळ खरेदी करून जहाजे येईपर्यंत ते माल साठवीत. अशा जागेला मराठीत वखार म्हणतात. आज हा शब्द ऐकताच लाकडाची वखार डोळ्यांपुढे येते हे खरे, परंतु तेवढ्यासाठी रूढ संज्ञा सोडण्याचे कारण नाही. वखारीचा पुढे किल्ला होऊ शकतो, हे आपल्याकडे वेळीच ओळखले गेले होते. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी जागा द्यावीच लागली, तर ती खाडीशेजारी किंवा समुद्रतीरी न देता आत, राजापुरासारख्या मोठ्या शहरात द्यावी आणि इमारतीचे घर बांधू देऊ नये, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे.

साताऱ्यात तर कोणी वसायला आलेच नव्हते. छत्रपती शहाजी, म्हणजे आप्पासाहेब महाराज, वारले तेव्हा त्यांनी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केला आणि संस्थान खालसा केले. ज्या मुलखाचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जमा होतो तो खालसा मुलूख. त्यामुळे लढाईवाचून झालेला हा बदल त्या शब्दात चपखल बसतो. ‘जिंकले’ लिहिल्यास ते चुकीचे ठरेल.

दुसरा प्रतिसाद: वरील मताशी सहमत आहे. ‘वसाहत’ खऱ्या अर्थाने शोभते ती ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सला, कारण १७८८ मध्ये आर्थर फिलिप ११ जहाजांतून कैदी आणि सैनिक घेऊन तेथे वस्ती करण्यासाठीच उतरला. मात्र या शब्दाने जागा ओसाड होती असा भास होतो, म्हणून मूळ रहिवाशांची जमीन बळकावली गेली हे त्याच वाक्यात सांगावे.

केनियाबाबत विशेष जपावे. १८९५ पासून तो प्रदेश संरक्षित राज्य होता, म्हणजे ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असला तरी कायद्याने त्यांच्या मालकीचा नव्हता. १९२० मध्ये त्याची वसाहत झाली, परंतु झांझिबारच्या सुलतानाच्या मालकीची किनारपट्टी त्यानंतरही संरक्षित राज्यच राहिली. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडन बंदराची गंमत अशी की १८३९ मध्ये ते घेतल्यावर त्याचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडे होता आणि राजसत्तेची स्वतंत्र वसाहत ते १९३७ मध्ये झाले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग मुंबई बेटासाठी काय लिहावे, आणि ‘वसाहतवाद’ हा शब्दही टाळावा का?

प्रतिसाद: ‘वसाहतवाद’ जरूर वापरावा, ते संपूर्ण व्यवस्थेचे नाव आहे, एखाद्या ठिकाणाच्या कायदेशीर दर्जाचे नव्हे. मुंबईसाठी ‘आंदण’ हा आपला शब्द उत्तम आहे, कारण पोर्तुगालशी झालेल्या १६६१ च्या विवाहकरारानुसार ते बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाले. प्रत्यक्ष ताबा मात्र १६६५ मध्ये आला. हे आंदण राजाचे होते, कंपनीचे नव्हे. कंपनीला त्याने ते १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड भाड्याने दिले, त्यामुळे तिच्या संदर्भात ‘भाड्याने घेतले’ असेच लिहावे.