शेवटचं कलम आधी वाचा
'संकटात कठोर निर्णय घ्यावेच लागतात' हे मान्य. पण तो निर्णय त्याच संकटावरचा आहे का, हे तपासायला हवं. कत्रिना वादळ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरावर आदळलं २९ ऑगस्ट २००५ ला. नोव्हेंबरात लुइझियानाच्या विधिमंडळाने तिथल्या शाळा 'नापास' ठरवण्याची गुणरेषा ६० वरून राज्याच्या सरासरीपर्यंत, म्हणजे सुमारे ८७ वर नेली. कालपर्यंत उत्तीर्ण असलेल्या शाळाही नापास ठरल्या, शंभराहून अधिक शाळा राज्याच्या ताब्यात गेल्या, पुढे बऱ्याच खासगी संस्थांकडे. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. गुणरेषेचा पुराशी काय संबंध? आणि विरोध करू शकणारे पालक तेव्हा घरदार सोडून विखुरलेले होते!

म्हणून संकटकाळातल्या कायद्याचा मसुदा हाती आला की मुदतीचं कलम, म्हणजे तो कधी संपणार हे सांगणारं कलम, आधी शोधावं. ते नसेल तर उपाय तात्पुरता नाही. मग संकटाशी संबंध नसलेली कलमं आत आहेत का, तेही पाहावं. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचा २१०६० क्रमांकाचा सरकारी हुकूम ऑगस्ट १९८५ मध्ये महागाई रोखायला निघाला, पण त्याच्याच कलम ५५ ने मालकांना कामगार काढण्याची मोकळीक दिली. संप झाला तेव्हा सरकारने सप्टेंबरात आणीबाणी लावून कामगार नेत्यांना दुर्गम भागात नेऊन ठेवलं.