पाळणाघर सांभाळून शाळेत सोडणं-आणणं कसं जमवायचं?

किलबिल_ठाणे
ठाण्यात घरीच पाळणाघर चालवते. दोन मुलं दीड वर्षाच्या आसपासची, एक अडीच वर्षांचा आणि दोन शाळेत जाणारी: एक सीनियर केजीत, एक पहिलीत. माझी मुलगी तिसरीत, त्याच शाळेत. शाळा सगळ्यांचीच 9 ला भरते. केजी 12:20 ला सुटते, पहिली-तिसरी 2:30 ला. जूनपासून दोन्ही पालकांना सोडणं-आणणं माझ्याकडे हवंय. शाळा चालत साधारण 700 मीटर, मध्ये एक सिग्नल. मदतीला मावशी आहेत, पण त्यांची वेळ 10 ते 1. स्कूटीवरून पटकन जाऊन यावं, व्हॅन लावावी की चालतच न्यावं? शाळेत काय कागद द्यावे लागतात? आणि याचे पैसे वेगळे घेतात का?

अंगतपंगत
ताई, वाहनाचा विचार नंतर. आधी एकच ठरवा: तुम्ही दाराबाहेर असताना तान्ह्यांपाशी मोठं माणूस कोण? मुलं झोपली आहेत, दहा मिनिटांत येते, मोबाईलवर कॅमेरा दिसतोय, यातलं काहीही चालणार नाही. कॅमेऱ्यात घास अडकलेला दिसेल, पण तो काढायला हात लागतात. शेजारच्या काकूंना ‘जरा लक्ष ठेवा’ सांगून जाणंही तेवढंच धोक्याचं, कारण त्या त्यांच्या घरात असतात.

म्हणून मावशींची वेळ 10 ते 1 ऐवजी 11:30 ते 3 करा. अर्ध्या तासाचे पैसे वाढतील, पण दोन्ही फेऱ्या त्यात बसतात. मग घरचं वेळापत्रक मागे ओढायचं. लहानग्यांचं जेवण 11:10 ला सुरू करा. वरणभात-तूप, मऊ भाजी, असं पटकन भरवता येईल तेच त्या वेळेला ठेवा. पोळीचे तुकडे चावत बसले की 12 वाजतात. 11:40 पर्यंत हाततोंड धुणं, डायपर, आणि 11:50 ला अंथरुणावर. तुम्ही 12:05 ला निघायचं. मोठं माणूस 700 मीटर नऊ-दहा मिनिटांत जातं, येताना पाच वर्षांचं मूल बरोबर असलं की वीस मिनिटं धरा. म्हणजे 12:45 ला घरात. केजीवाल्याचं जेवण आधीच झाकून ठेवा, भुकेलं मूल आल्या आल्या रडतं आणि बाकीची उठतात.

मावशींना एकटं ठेवताना गॅस रेग्युलेटरवरून बंद, बाथरूमला बाहेरून कडी, बादल्या रिकाम्या. सेफ्टी डोअरची किल्ली मावशींकडेच हवी. बाहेरून कुलूप लावून कधीही जाऊ नका, आग लागली तर आतली माणसं अडकतील. मागे कुणी पालक आले, तरी यादीत नाव नसलेल्याच्या हातात मूल द्यायचं नाही, हे त्यांना पाठ हवं.

सकाळची फेरी मात्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. 8:30 ते 9:15 हीच तान्ही मुलं यायची वेळ. त्या पाऊण तासात तुम्ही दारात नसाल तर ऑफिसला निघालेली आई जिन्यात खोळंबते. सोडणं पालकांकडे, आणणं तुमच्याकडे, अशी वाटणी मागा. तुमच्या मुलीलाही त्यांच्यातल्याच एकाबरोबर पाठवता येईल.

दुसरा_तास
मी प्राथमिक शिक्षिका आहे, शाळा सुटताना गेटवर आमचीच ड्यूटी असते. कागदांचं सांगते.

पालकांनी वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक, दोघांच्या नावे एकच पत्र द्यायचं. त्यात मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, नेणाऱ्या व्यक्तीचं नाव, मोबाईल, चिकटवलेला फोटो, पालकांशी नातं म्हणून ‘पाळणाघर चालक’, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे सगळं हवं. आईवडील दोघांच्या सह्या घ्या. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. शाळेचा शिक्का मारलेली पोच तुमच्या फाइलला लावा. नावं दोन द्या, कारण तुम्हाला ताप आला तर मावशींना मूल मिळणार नाही आणि ऐन 12:20 ला फोनवरून दिलेली परवानगी आम्ही मान्य करत नाही. शाळा पिकअप कार्ड देत असेल तर मावशी बदलल्या की जुनं कार्ड त्याच दिवशी परत करा. बऱ्याच ठिकाणी हे राहून जातं.

गेटवर नेहमी होणारा गोंधळ वेगळाच असतो. आजी मधल्या सुट्टीत मूल घेऊन गेलेली असते, पाळणाघराला कुणी कळवलेलं नसतं, आणि ताई बाहेर शोधत उभ्या. पालकांना सांगून ठेवा, आज आणायचं नसेल तर सकाळी 10:30 च्या आत मेसेज. मेसेज नसेल आणि मूल दिसलं नाही, तर वर्गशिक्षिकेनं ‘अमुक घेऊन गेले’ असं सांगेपर्यंत गेट सोडायचं नाही.

लालपिवळा_सिग्नल
स्कूटीचं: कायद्यानं मागे एकच माणूस. पुढे एक मूल उभं आणि मागे दोन हा हिशेब बसत नाही. 15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालकाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस आणि नऊ महिन्यांपुढे त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. चार वर्षांपुढच्यांनाही हेल्मेट आहेच. 2:30 ला तुम्हाला दोन मुली आणायच्या आहेत, म्हणजे स्कूटी तिथेच बाद.

व्हॅन लावायची तर नंबर प्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं हवीत, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, तिच्यातून भाड्यानं मुलं नेता येत नाहीत. फिटनेसची तारीख, आत बाई मदतनीस आहे का, आणि सीटपेक्षा मुलं जास्त नाहीत ना, हे एकदा दुपारी उभं राहून प्रत्यक्ष बघा. शाळेचीच बस असेल तर उतरण्याचा थांबा पालकांच्या घराऐवजी तुमच्या सोसायटीचं गेट असा बदलून घ्यावा लागेल. तो अर्ज पालकांनी शाळेच्या परिवहन समितीकडे जूनच्या आधी द्यावा. मार्ग एकदा ठरले की मध्येच बदलून मिळणं कठीण.

खारीचा_वाटा
डबल प्रॅम घेऊन सगळ्यांनाच का नेत नाही? आमच्याकडे बरेच जण तसंच करतात.

अंगतपंगत
फुटपाथ सलग असेल तिथे जमतं. ठाण्यात निम्मा वेळ प्रॅम रस्त्यावरच उतरवावी लागते, आणि सिग्नलवर दोन्ही हात तिच्यात अडकलेले असताना पाच वर्षांचं मूल धरणार कुठे? शिवाय दीड वर्षाचं मूल 12:15 ला उन्हात प्रॅममध्ये अर्धवट डुलकी काढतं आणि घरी आल्यावर 2 पर्यंत झोपत नाही. मग 2:30 ची फेरी आलीच.

किलबिल_ठाणे
सगळ्यांचे आभार, सकाळची फेरी पालकांकडेच ठेवते. पाऊस आणि अचानक सुट्टी यांचं काय? आणि पैशांचं राहिलं.

अंगतपंगत
पावसात छत्री नको, रेनकोट. हात मोकळे राहतात. रेनकोट दप्तरावरून बसेल असा मोठा घ्या. रोजचाही नियम एक हात, एक मूल, आणि मूल रस्त्याच्या आतल्या बाजूला. 2:30 ला दोन मुली, म्हणजे दोन्ही हात भरले. दप्तरं त्यांच्याच पाठीवर, पाण्याच्या बाटल्या तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. तिसरं शाळकरी मूल घ्यायचं तर दुसरं मोठं माणूस घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

रेड अलर्टला शाळा कधी भर दुपारी सोडतात. त्या वेळी मावशी पोचलेल्या नसतील तर कोणता पालक शाळेत जाणार, हे जूनमध्येच लिहून घ्या. परीक्षेचे दिवस, शनिवार, पालकसभा, सगळं शाळेच्या पत्रकावरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवा आणि मावशींनाही त्याच दिवशी सांगा.

पैसे वेगळेच घ्या, पाळणाघराच्या फीत मिसळलेत की पालकांना ते दिसत नाहीत. हिशेब साधा: वाढीव अर्ध्या तासाचे मावशींचे महिना समजा 800 आणि तुमची रोज दीड तासाची पायपीट. केजीवाल्याच्या फेरीत तुम्ही फक्त त्याच्यासाठी जाता, तिथे जास्त लावा. 2:30 ला तुम्ही स्वतःच्या मुलीसाठी जाताच, त्या पालकांना कमी. दिवाळी आणि मे महिन्यात आणण्याचे पैसे बंद, पण मूल दिवसभर तुमच्याकडे, त्या दोन वेळच्या खाण्याचे वेगळे. हे दोन्ही दर एकाच कागदावर लिहून सही घ्या.

दुसरा_तास
एक राहिलं. मूल हातात आलं की ‘घेतलं’ आणि घरी आलं की ‘पोचलो’ एवढे दोन मेसेज त्या त्या पालकांना स्वतंत्र पाठवा. सगळ्या पालकांच्या ग्रुपवर मुलाचा फोटो किंवा वेळ टाकू नका, ते मूल रोज कुठे, किती वाजता असतं हे सगळ्यांना कळायची गरज नाही.