मदत हवी आहे: इन्फरन्स, अझम्प्शन, एव्हिडन्स, प्रूफ... मराठीत नेमकं काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, धाकट्या बहिणीला लॉच्या एन्ट्रन्ससाठी लॉजिकल रीझनिंग शिकवतोय आणि मीच लई गंडलोय. डिक्शनरीत एव्हिडन्स बघितलं तर पुरावा, प्रूफ बघितलं तरी पुरावाच! आता 1872 चा एव्हिडन्स ॲक्ट जाऊन 1 जुलै 2024 पासून साक्ष्य अधिनियम आलाय, मग एव्हिडन्सला साक्ष्य आणि प्रूफला शाबिती म्हटलं तर चालेल काय?

इन्फरन्सला मी तिला असं सांगितलं, की आमच्या पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला म्हंजे वर राधानगरी धरणाकडं जोरात पाऊस झालाय असं आपण ताडतो, तो इन्फरन्स. तर ती म्हणती, "दादा, धरणाचं दार उघडलं असंल की, पाऊसच कशावरनं?" आता हिला काय सांगू, बरोबरच बोलली की पोरगी, पाऊसच धरून चाललो ती माझी अझम्प्शन झाली. अनुमान म्हणावं तर न्याय दर्शनातला, म्हंजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, 'धूर दिसला म्हंजे अग्नी आहे' वाला शब्द चपखल बसतो, पण हिंदीत अनुमान म्हंजे नुसता अंदाज, म्हणून ती परत गोंधळती.

आणि अझ्यूम, प्रिझ्यूम दोन्हीला गृहीत धरणंच काय? कुणी मराठीतनं शिकवत असंल तर उदाहरणासकट सांगा राव, पेपर जवळ आलाय.