क्योटोचं कांजी म्युझियम: सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

ओजसची आई, बी-३०१: मीराची आई, तुम्ही मध्यंतरी जपानला जाऊन आलात ना? आम्ही एप्रिलमध्ये क्योटोला चाललोय. ओजस या डिसेंबरला जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, देणार आहे. हिरागाना-काताकाना या उच्चारांच्या दोन लिप्या व्यवस्थित झाल्यात, पण कांजीचं, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांचं, पान आलं की वही मिटून ठेवतो. तिथं कांजीचंच एक म्युझियम आहे म्हणे. त्याला न्यावं का? की तो वेळ देवळांना द्यावा?

मीराची आई, सी-७०३: न्याच. गिओन भागात आहे, शिजो रस्त्यावर, यासाका देवळापासून अगदी चालत जाण्यासारखं. केइहान लाइनचं गिओन-शिजो स्टेशन जवळ पडतं. पूर्वी तिथं शाळा होती, तिच्या जागेवर २०१६ मध्ये हे सुरू झालं. जपानमध्ये कांजीच्या पातळीवार परीक्षा घेणारी जी संस्था आहे, तीच हे चालवते. देवळं सोडू नका, पण अर्धा दिवस याच्यासाठी राखून ठेवा. तासाभरात उरकायची जागा नाही ती.

डी-२०४ काका: जपानीचा गंध नसेल तर काय कळणार? आमच्यासारख्यांनी नुसत्या काचा बघत फिरायचं का?

मीराची आई, सी-७०३: काका, फलक बहुतेक जपानीतच आहेत, ते खरं. पण तिथं वाचण्यापेक्षा हातानं करून बघण्यासारखं जास्त आहे. तळमजल्यावर चीनमधल्या जुन्या हाडांवरच्या अक्षरांपासून सुरुवात होते. तीन हजार वर्षांपूर्वी शांग राजे कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर तापलेली सळई टेकवायचे. पडलेल्या भेगांवरून शकुन बघायचा आणि विचारलेला प्रश्न तिथंच शेजारी कोरून ठेवायचा. पाऊस पडेल का, स्वारीला निघू का, राणीचं बाळंतपण नीट होईल का. आपल्याला माहीत असलेली सगळ्यात जुनी कांजी म्हणजे हे प्रश्न. एका टेबलावर ती जुनी अक्षरं हलती दाखवली आहेत. घोडा, मासा, डोंगर तर मीरानं कुणी न सांगता ओळखले.

त्याच्यापुढे ठशांचा भाग. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. जपानी लोकांकडे स्वतःची लिपी नव्हती आणि चिनी अक्षरं आली तीही एका अगदी वेगळ्या भाषेची. मग त्यांनी काय केलं, तर अक्षराचा अर्थ बाजूला ठेवला आणि फक्त उच्चार घेतला. याला मान्योगाना म्हणतात. तुम्ही आपल्या नावाच्या एकेका उच्चाराचा ठसा शोधायचा आणि कागदावर उमटवायचा. मीराचं नाव ‘सुंदर’चं अक्षर आणि ‘चांगलं’चं अक्षर असं उमटलं. इथं अर्थ मोजायचा नाही, नुसते ‘मी’ आणि ‘रा’ एवढेच वाचायचे. पोरगी तो कागद घेऊन गप्प उभी होती, मग म्हणाली, आई, म्हणजे आधी सगळं जपानी असंच लिहायचे?

बी-६०५ ताई (जपानीच्या क्लासवाल्या): हो, असंच! आठव्या शतकातला मान्योशू हा साडेचार हजार कवितांचा संग्रह आहे, त्यावरूनच हे नाव पडलं. आणि पद्धत त्याहूनही जुनी आहे. सैतामातल्या इनारियामा इथल्या प्राचीन दफनटेकडीत एक गंजलेली तलवार सापडली होती. १९७८ मध्ये तिचा एक्स-रे काढला तेव्हा गंजाखाली सोन्यानं भरलेली ११५ अक्षरं दिसली. त्यातली तारीख सहसा इ.स. ४७१ धरतात. त्यात ‘वाकाताकेरु’ या राजाचं नाव असंच एकेक उच्चार जोडून लिहिलंय. मीराच्या कागदावर आहे ना, तीच रीत.

ओजसच्या आई, त्याला एक गोष्ट आवर्जून दाखवा. ‘का’ या उच्चारासाठी जे कांजी वापरायचे, त्याचे दोन भाग आहेत. बौद्ध भिक्षू चिनी पोथ्यांच्या ओळींमध्ये बारीक टिपणं करायचे. जागा कमी, म्हणून त्यांनी फक्त डावा भाग घेतला. तो झाला काताकानातला ‘का’. इतरांनी आख्खं अक्षर भरभर लिहिलं, कोपरे गोल झाले, उजवीकडच्या चौकोनाचा नुसता एक फटकारा उरला. तो हिरागानातला ‘का’. दोन्ही एकाच अक्षरातून आलेत. मी हे फळ्यावर काढून दाखवते तेव्हा निम्मा वर्ग वहीत परत परत गिरवून बघतो. ज्या मुलांना कांजीची धास्ती असते, त्यांना हे कळत नाही की ती रोज कांजीच लिहितायत, फक्त झिजलेल्या रूपात.

सेक्रेटरी: मधे बोलतो, माफ करा. उद्या वरची टाकी धुणार आहेत. ए आणि बी विंगला सकाळी १० ते १ पाणी नसेल. भरून ठेवा.

आजोबा, ए-१०२: ताई, तुम्ही भरभर लिहिण्याचं सांगितलंत आणि मला मोडी आठवली. हात न उचलता, शिरोरेघ आधी आखून, सलग लिहीत जायचं. माझ्या वडिलांच्या दप्तरात जमिनीचे कागद आहेत, सगळे मोडीत. मी निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग लावला म्हणून मला लागतात. माझ्या मुलाला एक ओळ वाचता येत नाही. जपान्यांचं तसं काही झालं का? की त्यांनी सगळं जपलं?

बी-६०५ ताई: आजोबा, अगदी तसंच झालं. पूर्वी एकेका उच्चाराला हिरागानाची अनेक रूपं चालायची. १९०० मध्ये शाळांसाठी नियम आला आणि प्रत्येक उच्चाराला एकच रूप ठरलं. बाकीची हळूहळू वापरातून गेली. जुन्या वळणदार लिखाणाला कुझुशीजी म्हणतात. एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) पूर्वजांची पत्रं, दुकानाच्या वह्या, छापील गोष्टींची पुस्तकंसुद्धा आज शिकलेल्या जपानी माणसाला वाचता येत नाहीत. त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. आता संगणकाकडून ती वाचून घ्यायचं काम तिकडे जोरात चालू आहे.

आजोबा, ए-१०२: म्हणजे कागद घरात आणि वाचणारा कुणी नाही. आपल्याकडेही मोडीच्या बाबतीत असा प्रयत्न व्हायला हवा. मला मनापासून वाटतं, निदान ज्यांच्या घरी दप्तर आहे त्या घरातल्या एकानं तरी मोडी शिकावी. ग्रुपमध्ये कुणाला शिकायची असेल तर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मी शिकवीन. पैसे वगैरे काही नाहीत.

ओजसची आई, बी-३०१: आजोबा, मी येते. सासऱ्यांकडे एक पेटी भरून कागद आहेत.

डी-२०४ काका: माझंही नाव लिहा. ताई, एक शंका. ओजस आमच्याकडे येतो तेव्हा ‘का सा ता ना हा मा या रा वा’ म्हणत असतो. हे आपल्या क ख ग घ सारखं का वाटतं?

बी-६०५ ताई: काका, कारण ते आपलंच आहे! बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र जपानला गेले, ते सिद्धम् या भारतीय लिपीत. नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई हा भिक्षू चीनमध्ये शिकून ही लिपी आणि ग्रंथ घेऊन परतला. सिद्धम् शिकणाऱ्या भिक्षूंनी आपल्या वर्णमालेचा क्रम जपानी उच्चारांना लावला. आधी स्वर: आ इ उ ए ओ. मग क, मग च-वर्गाच्या जागी स, मग त, न, मग प-वर्गाच्या जागी ह, मग म, य, र, व. ‘ह’ प-वर्गाच्या जागी बसलाय कारण जुन्या जपानीत तो उच्चार ‘प’सारखा होता, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. कंठापासून ओठांकडे येणारी आपली चढण तिथं तशीच्या तशी आहे. जपानमधल्या स्मशानात कबरींमागे उभ्या लाकडी फळ्या दिसतात, त्यांवर आजही सिद्धम् अक्षरं लिहितात. आपल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मी सांगते.

डी-२०४ काका: हे मला सत्तरीत कळतंय. फार छान वाटलं वाचून.

मीराची आई, सी-७०३: आता मनोऱ्याचं सांगते. इमारतीच्या मधोमध एक उंच खांब आहे, तळमजल्यावरून थेट वरच्या मजल्यापर्यंत, आणि त्यावर सगळीकडून अक्षरं. सुमारे ५०,००० कांजी! शाळेत सहा वर्षांत मुलं १,०२६ शिकतात, रोजच्या वापराची सरकारी यादी २,१३६ ची. म्हणजे त्या खांबावरची बहुतेक अक्षरं जपानी माणसानंही कधी लिहिलेली नसतात. आजूबाजूचे सगळे माना वर करून आपल्या आडनावाचं अक्षर शोधत होते.

ही अक्षरं ज्या कोशातली आहेत त्याची कथा मी तिथून आल्यावर वाचली. तेत्सुजी मोरोहाशी नावाचे विद्वान होते. त्यांच्या दाइ कान-वा जितेन या कोशाचा पहिला खंड १९४३ मध्ये निघाला. १९४५ च्या फेब्रुवारीत टोकियोवरच्या हवाई हल्ल्यात छपाईचे खिळे आणि पाट्या सगळं जळून गेलं. पण मुद्रितांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या. मोरोहाशींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली. तरी पुन्हा सुरुवात केली. शिशाचे खिळे नव्यानं पाडणं शक्यच नव्हतं, तेव्हा मोकिची इशिई यांनी फोटो-छपाईसाठी जवळपास ४९,००० अक्षरं हातानं काढली. तेरावा खंड १९६० मध्ये बाहेर पडला. एक अक्षर नीट काढायला किती वेळ लागतो ते ओजसला ठाऊक असेल, त्याला ही कथा जरूर सांगा.

ओजसची आई, बी-३०१: अंगावर काटा आला. त्याला आजच सांगते. वरच्या मजल्यावर काय आहे?

मीराची आई, सी-७०३: मुलांचा मजला. सुशीच्या दुकानात मिळतो तसा पण माणूस आत शिरेल एवढा चहाचा पेला आहे, त्यावर माशांची नावं. सगळ्या अक्षरांत डावीकडे ‘मासा’ ठरलेला, उजवी बाजू बदलते. मासा आणि ‘निळा’ म्हणजे बांगडा. मासा आणि ‘अशक्त’ म्हणजे तारली, पाण्याबाहेर लगेच नासते म्हणून असं म्हणतात. मासा आणि ‘बर्फ’ म्हणजे कॉड, हिवाळ्यात मिळतो म्हणून. शेवटची दोन तर चिनी नव्हेत, जपान्यांनी स्वतः जुळवलेली आहेत. घाटमाथ्याचं अक्षरही तसंच त्यांचं: डोंगर, शेजारी ‘वर’ आणि त्याखाली ‘खाली’. मीराला ते इतकं पटलं की घरी आल्याआल्या दाराच्या पाटीवर खडूनं काढलं. याशिवाय अंगानं अक्षराचा आकार करून दाखवायचा एक खेळ आहे, त्यात ओजस रमेल.

आणि कियोमिझु-देराला जाणार असाल तर हेही बघा. १९९५ पासून दरवर्षी लोक मतं देऊन त्या वर्षाचं एक कांजी निवडतात आणि १२ डिसेंबरच्या सुमारास त्या देवळाचे मुख्य पुजारी भल्यामोठ्या कुंचल्यानं ते सर्वांसमोर लिहितात. ते लिहिलेले कागद म्युझियममध्ये बघायला मिळतात. पहिलं अक्षर ‘हादरा’, कोबेच्या भूकंपाचं वर्ष. २०११ ला त्सुनामीनंतर ‘बंध’. २०२० ला ‘दाटी’, कोरोनातली. कागदावरचे शाईचे शिंतोडे जवळून दिसतात, कुंचला कुठं सुकत गेला तेही कळतं.

बी-६०५ ताई: ओजसच्या आई, जाण्याआधी त्याच्याकडून पहिलीची ८० कांजी तेवढी करून घ्या, जास्त नको. मग मनोऱ्यावर ती शोधायला लावा. आणि ठशांच्या टेबलाला घाई करू नका.

ओजसची आई, बी-३०१: नक्की. आम्ही क्योटोत शनिवार ते बुधवार आहोत. सोमवारी ठेवू का?

मीराची आई, सी-७०३: सोमवारी सहसा बंद असतं. मंगळवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा, शाळांच्या सहली यायच्या आत. वेळ आणि तिकीट निघण्याआधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्या.

आजोबा, ए-१०२: आणि रविवारी मोडीला येताना पेटीतले दोन-तीन कागद आणा. मूळ नकोत, मोबाइलवर फोटो काढून आणा, हाताळून फाटतात.