डिजिटल ट्विनच्या कोटेशनमध्ये एवढे सेन्सर कशाला?

अंबड_जॉबशॉप
नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत आपलं छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि चार टर्निंग सेंटर. परवा एक वेंडर लॅपटॉपवर डेमो देऊन गेला, स्क्रीनवर सेम आपल्यासारखं मशीन फिरतंय, रंग बदलतायत, म्हणे हे तुमच्या मशीनचं डिजिटल ट्विन. कोटेशन बघितलं तर निम्म्याहून जास्त पैसे सेन्सर आणि गेटवेचेच (सेन्सरचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारा डबा). आता सगळी करामत जर सॉफ्टवेअरची आहे तर एवढे सेन्सर कशाला, मशीनच्या कंट्रोलरला सगळं कळतंच की? आपला खरा त्रास वेगळाच आहे, थंडीत सकाळच्या शिफ्टचे सुरुवातीचे जॉब झेडमध्ये, म्हणजे खोलीच्या मापात, बाहेर जातात, दुपारी सगळं ओके. ट्विनने हे सुटेल का?

सातपूर_ऑटोमेशन
सेन्सर काढले तर उरतं ते थ्रीडी कार्टून. मशीनचा डेटा आपोआप येत राहिला आणि त्याप्रमाणे मॉडेल बदलत राहिलं तर ती डिजिटल शॅडो, आणि मॉडेलने काढलेलं उत्तर आपोआप परत मशीनला गेलं, समजा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) बदलला, तर ते खरं ट्विन. बरेच जण शॅडो विकतात आणि बिल ट्विनचं लावतात 😀
कंट्रोलरचं तुमचं अर्धं बरोबर आहे. स्पिंडल लोड, ॲक्सिस पोझिशन, अलार्म त्याच्याकडे असतंच, कंट्रोलर फॅनक कंपनीचा असेल आणि इथरनेट असेल तर त्यांच्याच फोकास सॉफ्टवेअरने वाचता येतं, त्यासाठी वेगळे सेन्सर घेऊ नका. पण मोटरवरचा एन्कोडर मोटर किती फिरली तेवढंच सांगतो, स्पिंडल तापून किती खाली आला हे त्याला दिसत नाही.

मेंटेनन्सवाला
+१. भाऊ तुमचा प्रॉब्लेम टेम्परेचरचा दिसतोय. स्टील मीटरला एका डिग्रीमागे ११-१२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३०० मिमीचा भाग १० डिग्री तापला की ३५ मायक्रॉन गेले, डेप्थला टॉलरन्स २० चा असेल तर संपलंच. एक पीटी१०० (प्लॅटिनमचा टेम्परेचर सेन्सर) स्पिंडल हाउसिंगला पुढच्या बेअरिंगजवळ, एक कॉलमला, एक शॉपच्या हवेला, सुरुवातीला एवढं बास. पत्र्याच्या गार्डवर चिकटवून जाऊ देऊ नका, तो गार्डचंच टेम्परेचर सांगत बसेल. आणि थ्री वायरच घ्या, टू वायरमध्ये केबलचा एक ओहम वाढला की अडीच डिग्री जास्त दाखवतं.
व्हायब्रेशनचा सेन्सर देत असेल तर सॅम्पलिंग विचारा. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे, बेअरिंग खराब व्हायला लागलं की सिग्नल त्याच्या कितीतरी वर किलोहर्ट्झमध्ये येतो आणि तो पकडायला किमान दुप्पट वेगाने सॅम्पल घ्यावे लागतात. मिनिटाला एक आकडा क्लाउडवर टाकणार असेल तर गेटवेमध्येच एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणं) होतं का ते विचारा, नसेल होत तर त्या आकड्याचा बेअरिंगसाठी फारसा उपयोग नाही.
रेंज पण बघा. अपोलो १३ ची जी ऑक्सिजन टाकी १९७० मध्ये फुटली, तिच्यात उड्डाणाआधी जमिनीवरच हीटर बंद न होता तापत राहिला होता, पण गेज ८० फॅरनहाइटच्या वर दाखवतच नव्हता, आत १००० च्या घरात गेलं तरी काटा ८० वर, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

दिंडोरी_द्राक्ष
आमच्या बागेत पण सेम. डावणीच्या (द्राक्षावरचा रोग) अंदाजासाठी पान किती तास ओलं राहिलं ते मोजणारा सेन्सर एकाने बांधावरच्या पोलला उघड्यावर लावून दिला, तिथे वाऱ्याने लगेच सुकणार ना. ओल टिकते मांडवाखाली पानांच्या गर्दीत. आम्ही उचलून आत घेतला.

अंबड_जॉबशॉप
भारी, धन्यवाद सगळ्यांना. आधी एकाच व्हीएमसीला तीन पीटी१०० लावून बघतो, व्हायब्रेशनचं नंतर. कूलंटने वायरिंगची वाट लागेल का पण?

मेंटेनन्सवाला
लागते. आर्मर्ड केबल आणि ग्लँड लावून घ्या. आणि फिट करायच्या आधी प्रत्येक पीटी१०० बर्फाच्या पाण्यात बुडवून मल्टिमीटर लावा, वायरचा रेझिस्टन्स वजा करून १०० ओहमच्या आसपास आला पाहिजे, नाही आला तर तिथेच परत द्या.